खडूने आखलेली गाडी

माणसं सुरतेला साड्या घ्यायला जातात, मी गाडी शिवून घ्यायला गेले. 'शिवून' हा शब्द माझा नाही, गाडी बांधून देणाऱ्या मुरलीधर मिस्त्रींचा. त्यांचं म्हणणं पहिल्याच दिवशी नीट ऐकलं असतं तर आठ दिवसांचं काम पंधरा दिवसांवर गेलं नसतं. पण ऐकून घेणं हा माझा गुण नव्हे. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली. तिथे मी सांगायचे आणि बाकीचे ऐकायचे.

गाडी म्हणजे तेरा वर्षांची डिझेल व्हॅन. नाशिकच्या दोन पोरांनी तिच्यात पलंग, सिंक, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवून तिचं फिरतं घर केलं होतं. पुढे एकाचं लग्न झालं, दुसऱ्याला नोकरी लागली आणि घर माझ्या दारात आलं. बाहेरून बर्फाचे डोंगर रंगवलेले, आतून दिव्यांच्या माळा. भुसावळच्या आमच्या गल्लीत ती उभी राहिली तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय हो, सर्कस आली का?"

मी ती घेतली गार्डसाहेबांसाठी. गार्डसाहेब म्हणजे आमचे यजमान. सगळी रेल्वे कॉलनी त्यांना याच नावानं ओळखते, म्हणून मीही तेच म्हणते. भुसावळ ते सुरत या मार्गावर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झालो की याच वाटेनं सावकाश जायचं, मालगाडी जिथे कधी थांबली नाही तिथे उतरायचं, असं ते नेहमी म्हणत. मग साखरेनं उजवा पाय गुडघ्याखाली नेला. त्यानंतर चौदा महिने गार्डसाहेब उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. दवाखान्यातून मिळालेला कृत्रिम पाय कपाटामागे पिशवीत, आणि हे खिडकीशी खुर्चीत. कारण विचारलं की एकच उत्तर, "लोक बघतात."

मी ठरवलं, माणूस घराबाहेर येत नसेल तर घरालाच चाकं लावायची. गाडी त्यांच्या सोयीची करून घ्यायची आणि त्यांना घेऊन निघायचं. हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "तू जाऊन ये, सिस्टर. मी काही त्यात बसणार नाही." राग आला की मी सिस्टर असते. एरवी 'अगं'.

मी डब्याची सोय शेजारी लावली, गोळ्यांच्या पुड्यांवर वार लिहिले आणि निघाले.

कोंडाईबारी

धुळ्यापर्यंत काही सांगण्यासारखं घडलं नाही. आरोग्य केंद्रात असताना जीपचा ड्रायव्हर दर सणाला गावी पळायचा, म्हणून मी गाडी शिकले होते. त्यामुळे ट्रकवाले काचेतून वाकून माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत, त्याचं मला काही वाटलं नाही.

कोंडाईबारीच्या घाटात मात्र गाडीनं आपले गुण दाखवले. उजवीकडे वळले तशी मागे सिंकखालची दारं सताड उघडली आणि कढई, पातेली, झाकण्या सगळ्या एकदम बाहेर आल्या. डावीकडे वळले की त्या सगळ्या डावीकडे. त्या पोरांनी दारांना चुंबकाच्या पट्ट्या लावल्या होत्या, कडी एकाही दाराला नव्हती. घाट संपेपर्यंत माझ्या मागे लग्नाची पंगत उठत होती. खाली उतरल्यावर मी ती दारं सुतळीनं बांधली आणि नवापूर न थांबता ओलांडलं. रस्त्यात थांबणं मला जमत नाही. एकदा निघालं की पोचायचं.

पर्वत पाटिया

सुरतेत मी उतरले नणंदेकडे. कमल तरुणपणी नवऱ्याबरोबर गिरणीच्या कामासाठी सुरतेला आली. नवरा गेला तरी ती इथेच राहिली. पर्वत पाटियाला तिची दोन खोल्यांची जागा आहे, आणि त्यातली एक खोली साड्यांनी भरलेली. बाजारातून साड्यांचे गठ्ठे येतात, त्यांच्या काठांवर ही चमकते खडे चिकटवते. बोलताना तिचे हात थांबत नाहीत आणि हात चालू असताना तोंड थांबत नाही.

"जयभीम वहिनी! दादाला ठेवून आलीस? चालेल ने, पहिले तू खा," म्हणत तिनं समोर लोचो ठेवला. डाळीचं पीठ वाफवताना बिघडलं आणि सुरतेनं त्याचा पदार्थ केला, असं ती सांगते. वरून तेल, शेव, कांदा. आमच्याकडे असं पीठ बिघडलं तर सुनेचा उद्धार झाला असता. संध्याकाळी मात्र त्याच घरात कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. थंडीचे दिवस होते, वांगी जळगावच्या गाडीनं आलेली. कमलची सकाळ गुजरातेत होते आणि संध्याकाळ खानदेशात.

रविवारी तिनं मला डुमसच्या रस्त्याला नेलं. तिथे चांगल्या घरची माणसं घरून डबे आणून रस्त्याच्या कडेला सतरंजी अंथरून जेवत होती. म्हाताऱ्यांना खुर्च्या, पोरांना चटई, मध्ये पोंक. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सोबत लिंबू-मिरीची शेव. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या धुरात कोणी जेवेल का, असं मी म्हणाले. कमल म्हणाली, "घरात तर रोजच बसतात वहिनी. इथे लोकांना बघायला आणि दाखवायला येतात." खिडकीशी बसलेलं एक माणूस माझ्या डोळ्यांपुढे आलं.

इच्छापोर

कमलच्या ओळखीच्या मुरलीधर मिस्त्रींची शेड इच्छापोरला, हजिऱ्याच्या रस्त्यावर. पर्वत पाटियापासून म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. मिस्त्री मूळचे पारोळ्याकडचे. आधी कतारगामला मागांची दुरुस्ती करायचे, आता टेम्पोंच्या बॉड्या बांधतात. अर्धं आयुष्य सुरतेत गेलं तरी त्यांची अहिराणी जशी घरून आणली तशीच आहे.

त्यांची कामाची एक रीत आहे. लोखंडाला करवत लावण्याआधी ते शेडची फरशी ओल्या गोणपाटानं पुसतात आणि तिच्यावर खडूनं अख्खी गाडी काढतात, खऱ्या मापाची. इथे दार, इथे पलंग, इथे शेगडी. मग जो ती वापरणार त्याला त्या रेघांमध्ये चालायला, बसायला, वाकायला लावतात. तो जिथे अडखळेल तिथली रेघ पुसायची.

गाडी आखून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ताई, ज्यासनाकरता गाडी शे, त्या कोठे शेत?"

मी म्हटलं, "ते येत नाहीत. त्यांच्या जागी मी बसते. त्यांचं सगळं माप मला पाठ आहे."

मिस्त्रींनी खडू कानावर ठेवला. "ज्याले कपडा घालना शे, त्यानंच माप लेतस. गाडीबी शिवनीच पडस."

"अहो भाऊ, मी नर्स आहे. चौदा महिने त्यांना मीच उठवते-बसवते. तुम्ही आखा."

"माले काय, तुम्ही सांगशात तसं करसू," मिस्त्री म्हणाले. पुढचे आठ दिवस त्यांनी एका शब्दानं मला अडवलं नाही.

आणि मी सांगत गेले. खडूच्या रेघांत बसून, उजवा पाय दुमडून, मी गार्डसाहेब झाले. डोंगर खरवडून काढले, सगळी गाडी पांढरी केली. आतून पांढरा सनमायका, म्हणजे पुसायला सोपा. पलंगाला दोन्ही बाजूंनी नळीचे कठडे, पडायला नको. उशाशी घंटी, काही लागलं तर वाजवतील. शेगडी उंचावर आणि पलीकडे, हात भाजायला नको. कमलनं साड्यांच्या तुकड्यांचे नारिंगी पडदे शिवून आणले, तेही मी परत केले, धूळ धरतात म्हणून. ती आत शिरून सगळीकडे बघत म्हणाली, "वहिनी, फक्त सलाईनची बाटली टांगायची राहिली."

मी तिला चेष्टा म्हणून सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला गाडीचा फार अभिमान वाटत होता. संध्याकाळी ती चालवत निघाले तर काय सांगू, पुलावर रिक्षा बाजूला झाल्या, बसनं वाट दिली. सुरतेची माणसं किती समजूतदार, असं म्हणत मी पर्वत पाटियाला पोचले. तिथे वॉचमन धावत आला, गेट सताड उघडलं आणि विचारलं, "मॅडम, पेशंट किस बिल्डिंग में है?" तोवर खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाई हात पुसत बाहेर आल्या. "कोण मांदुं छे, बेन?" कोण आजारी आहे म्हणून त्या कळवळून विचारत होत्या.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की कमलनं आतले फोटो काढून आपल्या दादाला पाठवले होते. मी फोन केला तर त्यांनी उचलला नाही. डबा पोचवणाऱ्या शेजारणीला केला. ती म्हणाली, "साहेब सकाळीच गेले. कुलूप आहे."

"गेले म्हणजे? कुठे?"

"मला काय सांगतात ते? रिक्षा बोलावली आणि गेले."

मी त्यांना पुन्हा पुन्हा फोन लावत बसले. तासाभरानं फोन वाजला. मागे चाकांचा आवाज.

"नंदुरबार सोडलं," ते म्हणाले.

"कुणी सोडलं?"

"मी. वेळेत आहे. उधन्याला कमलला पाठव. तू येऊ नकोस."

"अहो, पण एकटे..."

"फोटो बघितले, सिस्टर. मी मेलो नाही अजून. माझ्यासाठी गाडी करतेस आणि मला आत झोपवून कडी लावतेस? मिस्त्रीला म्हणावं, हत्यार खाली ठेव." आणि फोन बंद.

दुसरी आखणी

उधन्याहून, म्हणजे सुरतेच्या अलीकडच्या स्टेशनावरून, कमलचा फोन आला. ती रडत होती की हसत, कळेना. "वहिनी, दादा पाय घालून आलाय!"

कुबड्यांवर डब्याची पायरी चढता येत नाही म्हणून कपाटामागची पिशवी त्यांनी काढली होती. ज्या पायासाठी मी महिनोन्‌महिने भांडले, तो त्यांनी माझ्यावरच्या रागानं घातला. मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, आणि दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवायचं ते समजेना. भुसावळला जुन्या ओळखीच्या पॉइंट्समननं त्यांना डब्यात चढवलं. नंदुरबारला चहावाला खिडकीशी येऊन म्हणाला होता, "गार्डसाहेब, आज प्रवाशांच्या गाडीनं?" लोकांनी बघितलं होतं, आणि ओळखलंही होतं.

गाडी मी परत शेडवर नेली होती. तिथे आल्यावर ते तिच्यात चढलेच नाहीत. दारातून आत पाहिलं, कठड्यावर बोटानं टकटक केलं, आणि घामेजल्या चेहऱ्यानं मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "भाऊ, पुसा."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. "पुसानं काम माले नवं नही, दाजी." त्यांनी गोणपाट भिजवलं आणि फरशी पुसायला घेतली.

पुन्हा खडूची गाडी उमटली. या वेळी रेघांच्या आत गार्डसाहेब होते. मी हात धरायला पुढे झाले तर त्यांनी नुसतं पाहिलं, मी मागे सरले. ते चार पावलं चालले, थांबले, छताच्या दिशेनं हात वर केला. "इथे उभी नळी पाहिजे. माझ्या ब्रेकव्हॅनच्या डब्यात होती तशी. गाडी हलली की माणूस आडवी धरत नाही, उभी धरतो." तिथे फुली पडली. मग त्यांनी शेगडी खाली आणि खुर्चीजवळ मागितली.

"भाजेल," मी म्हटलं.

"भाजू दे. चहा मी करणार. चौदा महिने तुझ्या हातचा बिनसाखरेचा पितोय. साखर नको ते कळलं, पण आलं घालायलाही बंदी आहे का?"

मिस्त्री खाली मान घालून हसत होते. आल्याचं मला खरंच कधी सुचलं नव्हतं. त्यांनी ते कधी मागितलंही नव्हतं, कारण मी विचारत नव्हते.

शेवटी बसायची जागा. सगळ्यात मानाची म्हणून मी पुढे माझ्याशेजारची सीट फिरती करून घेतली होती. गार्डसाहेबांनी तेलाचा रिकामा डबा ओढला, खडूच्या गाडीच्या अगदी मागच्या टोकाला नेला आणि मागच्या खिडकीकडे तोंड करून बसले.

"दाजी, तोंड पुढे करा ना. मांगे काय देखतस?" मिस्त्रींनी विचारलं.

"पुढचं ड्रायव्हर बघतो. मागचं गार्ड बघतो," ते म्हणाले. "पुढे तोंड करून बसलो की मला गरगरतं."

त्यांच्या पाठीकडे बघत मी उभी होते. सगळी नोकरी हा माणूस पुढे काय येतंय ते न बघता, मागे सगळं नीट राहिलंय ना एवढंच बघत आला. आणि मी त्याला पुढे बसवून देखावा दाखवायला निघाले होते. माझं चुकलं, असं मी तिथेच मोठ्यानं म्हणाले. त्यांनी वळून न पाहता विचारलं, "काय म्हणालीस?" त्यांना ऐकू आलं होतं. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

आणखी सात दिवस लागले. कठडे निघाले, उभी नळी आली. मागच्या खिडकीशी पट्ट्याची पक्की सीट बसली. प्रत्येक दाराला कडी लागली. पांढऱ्यावर त्यांनी स्वतः निवडलेला मालडब्याचा तांबडा रंग चढला. खालच्या अर्ध्या भागाला ब्रश त्यांनीच मारला, डब्यावर बसून. कमलचे नारिंगी पडदे झळकले. घंटी काढायला मिस्त्री आले तेव्हा गार्डसाहेब म्हणाले, "राहू दे. पण ड्रायव्हरच्या कानाशी लाव. चहा झाला की मी वाजवीन."

नवापूर

निघायच्या सकाळी कमल शेडवर आली होती. मिस्त्रींनी बोनेटवर नारळ फोडला. मी इंजिन चालू केलं, गिअर टाकला, तोच मागून आवाज, "थांब."

"काय राहिलं?"

"गाडी ड्रायव्हरच्या मनानं सुटत नाही. गार्डाच्या झेंडीवर सुटते." मग एकेक तपासणी, मोठ्यानं. दार बंद. कडी एक, कडी दोन. गॅस बंद. टाकीचं झाकण. कुबडी अडकवली. पट्टा. मला वाटलं, गंमत चालली आहे. तोच आरशात हिरवं काहीतरी हललं. घरून निघताना पायाबरोबर त्यांनी आपली जुनी झेंडीही पिशवीत टाकली होती. मिस्त्रींनी तिला चक्क सलाम ठोकला.

व्यारा गेल्यावर घंटी वाजली. थांबले. आल्याचा चहा झाला होता, थोडा करपलेला. मी चांगला झालाय म्हटलं.

नवापूर जवळ आलं तशी पुन्हा घंटी. "स्टेशनवर घे."

तिथे स्टेशनातूनच दोन राज्यांची हद्द जाते आणि फलाटावर एक बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. हे त्यांनी मला लग्न झाल्यापासून सांगितलं होतं, पण स्वतः कधी पाहिलं नव्हतं. मालगाडी नवापूरला थांबली तरी शेवटचा डबा फलाटाच्या पुष्कळ मागे, झुडपांत उभा राहायचा. एवढी वर्षं त्यांनी नवापूर फक्त मागे जाताना बघितलं.

मी सीटचा पट्टा सोडला आणि दाराला हात घातला. मागून आवाज आला, "ड्रायव्हर इंजिन सोडत नाही."

"अहो, तिथे पायऱ्या असतील."

"असू देत."

"पाय घासून लाल झालाय, मी सकाळी बघितलाय."

"मलाही माहीत आहे. माझाच आहे." मग पट्टा सोडत, "अगं, मी येतो परत."

ते उतरले. उभी नळी, मग पायरी, मग कुबडी. आरशात मला त्यांची पाठ दिसत होती, डावीकडे झुकत चाललेली. स्टेशनच्या दारात दोन माणसांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. हे थांबले, त्यांच्याशी काहीतरी बोलले, आणि आत गेले.

मी आयुष्यात बरंच काही केलंय, पण गाडीत हात मांडीवर ठेवून बसले नव्हते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साखर उतरली तर? खिशात बिस्किटं मी ठेवली होती, ती त्यांनी काढून ठेवली असतील तर? पायरीवर पाणी सांडलेलं असेल तर? तीनदा माझा हात दाराच्या कडीवर गेला आणि तीनदा मी तो परत आणला. मग फलाटाच्या पलीकडून मालगाडी गेली, लांबच लांब. शेवटच्या डब्याकडे कोण बघत उभं असेल ते मला माहीत होतं, म्हणून तो डबा जाईपर्यंत मी जरा निवांत बसले.

पाऊण तासानं कुबडीचा आवाज आला. मी मान वळवली नाही. पायरी, नळी, सीट. दार त्यांनीच ओढून घेतलं.

"एक मांडी महाराष्ट्रात, एक गुजरातेत," ते म्हणाले. "बाकडं छोटंय."

मग नेहमीची तपासणी. दार. कडी एक. कडी दोन. ते दमले होते, प्रत्येक शब्दामागे धाप होती, आणि मधूनच गप्प झाले. पूर्वीची मी असते तर विचारलं असतं, उठून नाडी बघितली असती, किंवा राहू दे म्हणून गाडी काढली असती. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि आरशाकडे बघत राहिले.

"टाकीचं झाकण," मागून आवाज आला. "कुबडी. पट्टा."

आरशात हिरवं हललं. मग मी गाडी सोडली.